किती आणि कुठे? – शेताच्या वाटणीचा नकाशा

दिवाळीच्या सुट्टीत माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद. "गुरुजी, वाटणीचा अर्ज करायचाय. नकाशा मीच काढलाय. जरा बघता का?"

वडील जाऊन दोन वर्षे झाली होती. शेताला वारस तीन : थोरला भाऊ, बहीण आणि हा धाकटा. तिघांत भांडण नव्हते, म्हणूनच आताच वाटणी करून घ्यावी असे ठरले होते. त्याने नकाशा पसरला. चौकोनी शेत, एका बाजूने रस्ता. रस्त्याकडची बाजू मोजून तिचे तीन सारखे भाग केलेले, समोरच्या बांधाचेही तीन सारखे भाग केलेले, आणि खुणेला खूण जोडलेली. रस्ता तिघांनाही मिळत होता. ताईचा वाटा मध्ये होता.

"प्रत्येकाला किती आले?" मी विचारले.

"सारखेच की. दोन्हीकडे तीन-तीन सारखे भाग केलेत."

"सारखे केलेस ते बांध. शेत मोजलेस का?"

तो गप्प झाला. त्या दुपारी आम्ही कागद-पेन्सिल घेऊन बसलो, आणि जे निघाले ते वर्गात सांगण्यासारखे आहे असे मला वाटले. ग्रामीण भागातल्या बहुतेक मुलांच्या घरी हा प्रश्न कधी ना कधी येतो. त्यासाठी लागणारे गणित नववी-दहावीच्या पुस्तकातच असते. पण पुस्तकातला चौकोन आणि घरचे शेत यांची गाठ कुणी घालून देत नाही.

सातबारा काय सांगतो, काय सांगत नाही

वाटणीचा विचार सुरू झाला की सर्वांत आधी सातबारा काढला जातो. सातबारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा एकत्र उतारा. सातमध्ये जमीन कोणाच्या नावे आहे, क्षेत्र किती, आकारणी किती, बोजा आहे का, ही माहिती असते; बारामध्ये पिकांची. या शेताच्या उताऱ्यावर एकूण क्षेत्र १.२०.०० असे होते. हा आकडा वाचताना विद्यार्थी हमखास अडखळतात, कारण त्यात दोन टिंबे आहेत. पहिला आकडा हेक्टरचा, दुसरा आरचा, तिसरा चौरस मीटरचा. १०० चौरस मीटर म्हणजे १ आर, १०० आर म्हणजे १ हेक्टर. तेव्हा हे शेत १ हेक्टर २० आर, म्हणजे १२,००० चौरस मीटर.

बोलण्यात अजून गुंठा आणि एकरच आहेत. जुन्या मुंबई इलाख्यातील मोजणी ३३ फुटांच्या साखळीने होत असे. त्या साखळीचे १६ भाग, म्हणजे १६ आणे. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा : ३३ × ३३ = १,०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे एक एकर, ४३,५६० चौरस फूट. मीटरमध्ये गुंठा १०१.१७ चौरस मीटरचा होतो. गुंठा आणि आर जवळजवळ सारखे असल्याने लोक ते एकच धरतात. घरी बोलताना चालते, अर्जात चालत नाही. शंभर गुंठ्यांमागे सव्वा गुंठ्याच्या आसपास फरक पडतो.

पण सातबाऱ्याची खरी मर्यादा वेगळी आहे. तो 'किती' ते सांगतो, 'कुठे' ते सांगत नाही. त्यावर एकही रेघ नसते. तिघांची नावे एकाच उताऱ्यावर असतात तेव्हा प्रत्येकाचा हिस्सा हा फक्त एक अपूर्णांक असतो. एक तृतीयांश नावाचा तुकडा जमिनीवर कुठेही नसतो. वाटणीचा अर्ज म्हणजे त्या अपूर्णांकाला जमिनीवर जागा देण्याची विनंती. म्हणून त्यासोबतच्या सर्व कागदांचे काम एकच : 'किती' आणि 'कुठे' यांचा मेळ घालणे, आणि तो दुसऱ्या कोणालाही तपासता येईल असा घालणे.

'कुठे' सांगणारे कागद

हे कागद तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात असतात. गटनकाशा सगळ्या गावाची मांडणी दाखवतो : कोणत्या गटाला कोणता गट लागून आहे, रस्ता कोठून जातो, ओढा कोठून. त्याहून महत्त्वाचे म्हणजे टिपण. मोजणीच्या वेळी घेतलेली मापे आकृतीवर जागच्या जागी लिहून ठेवलेला हा कागद. त्यावरून क्षेत्र कसे काढले तो हिशेब गुणाकार बुकात असतो. पूर्वी पोटहिस्से पडले असतील तर त्यांचा फाळणी नकाशा असतो.

या पद्धतीला मोठा इतिहास आहे. पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी शेतवार मोजणी व आकारणीचे नव्याने काम सुरू केले, आणि पुढे ती पद्धत मुंबई इलाख्यात पसरली. आपल्या गावच्या टिपणामागे त्या परंपरेतील कोणाचे तरी उन्हातले चालणे असते.

ते लोक मोजत कसे? याला शंकू-साखळी पद्धत म्हणतात. साखळीने अंतर मोजायचे, शंकूने काटकोन साधायचा. शेताच्या आरपार एक सरळ रेषा घ्यायची, तिच्यावरून साखळी टाकत चालायचे, आणि प्रत्येक कोपऱ्यापाशी आले की शंकूतून पाहून त्या कोपऱ्यापर्यंतचा लंब मोजायचा. सगळे शेत काटकोन त्रिकोणांत आणि समलंब चौकोनांत मोडते. या आकृत्यांची क्षेत्रफळाची सूत्रे सातवी-आठवीतला मुलगाही सांगेल.

चार बाजू पुरत नाहीत

माझ्या विद्यार्थ्याने शेताच्या चारही बाजू मोजल्या होत्या. पुष्कळांचा समज असतो की चार बाजू मोजल्या की शेत मोजले. हा समज वर्गात एका मिनिटात दूर करता येतो. चार पट्ट्या टाचण्यांनी टोकाला टोक जोडून चौकोन करा आणि तो एका बाजूला ढकला. बाजू त्याच राहतात, चौकोन चपटा होत जातो, क्षेत्रफळ घटत जाते. त्रिकोणाचे तसे होत नाही. तीन बाजू ठरल्या की तो हलत नाही. म्हणून चौकोनी शेताचा किमान एक कर्ण मोजलाच पाहिजे.

समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणाकार करण्याची रीत गावोगाव चालते. ती फक्त आयताला बरोबर उत्तर देते. इतर कोणत्याही चौकोनात उत्तर खऱ्यापेक्षा जास्तच येते, कमी कधीच येत नाही. १०० मीटर बाजूचा, ६० अंश कोनाचा समभुज चौकोन घ्या. या रीतीने १०,००० चौरस मीटर येतात. खरे क्षेत्रफळ सुमारे ८,६६०. तेरा गुंठ्यांहून अधिक जमीन केवळ कागदावर उगवली!

आम्ही दुसऱ्या दिवशी शेतावर गेलो आणि कर्ण मोजला. पुढील आकडे सोयीसाठी पूर्ण केले आहेत. वाचकांनी कागदावर आकृती काढत पुढे जावे. चौकोन अबकड. अड ही रस्त्याकडची बाजू, बक हा समोरचा बांध. कर्ण अक १६० मीटर. अपासून ६० मीटरवर उभे राहिले की बचा लंब ७० मीटर. १०० मीटरवर उभे राहिले की दुसऱ्या बाजूस डचा लंब ८० मीटर. क्षेत्रफळ :

½ × १६० × (७० + ८०) = १२,००० चौरस मीटर.

सातबाऱ्याशी जुळले. पण इतक्यावर थांबायचे नाही, कारण लंब घेताना काटकोन चुकला असू शकतो. म्हणून बाजूंची मापे पडताळ्यासाठी वापरायची. डच्या लंबाचा पाय कपासून ६० मीटरवर आहे आणि लंब ८० मीटर आहे, म्हणून पायथागोरसच्या प्रमेयाने कड बाजू बरोबर १०० मीटर यायला हवी. तसेच अब ९२.२०, बक १२२.०७ आणि अड १२८.०६ मीटर. टेपने प्रत्यक्ष मोजलेली बाजू हिशेबाशी जुळली, तर कोन आणि अंतर दोन्ही बरोबर. नाही जुळली तर चूक कोठे आहे ते शोधायचे. एकाच मापावर विसंबायचे नाही, हा मोजणीशास्त्राचा पहिला नियम.

मोजताना आणखी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. नकाशावरचे क्षेत्र हे नेहमी सपाट, आडव्या पातळीवरचे असते. १० अंशांच्या उतारावर टेप जमिनीला टेकवून १०० मीटर मोजले तर आडवे अंतर ९८.५ मीटरच भरते. म्हणून उतारावर टेप आडवा ताणून, टोकाला ओळंबा धरून, पायऱ्यापायऱ्यांनी मोजायचे. दुसरी गोष्ट टेपची. ३० मीटरच्या टेपचे पहिले ३० सेंटिमीटर तुटलेले असतील तर लांबीत एक टक्का चूक होते, आणि क्षेत्रफळात दोन टक्के, कारण चूक लांबीत येते तशी रुंदीतही येते. आपल्या शेतात ती २४० चौरस मीटर होईल. तिघांचे वाटे त्याच टेपने मोजले तर परस्परांत सारखेच राहतील, हे खरे. पण बेरीज सातबाऱ्याशी जुळणार नाही.

सारखे बांध, असमान वाटे

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. अड वर तीन सारखे भाग करणारे बिंदू च आणि छ. बक वर तसेच प आणि फ. च-प आणि छ-फ हे नवे बांध. तीन वाटे झाले : अबपच थोरल्याचा, चपफछ ताईचा, छफकड धाकट्याचा. क्षेत्रफळे काढली तेव्हा आकडे असे आले :

थोरला – ३,८८९ चौरस मीटर
ताई – ४,००० चौरस मीटर
धाकटा – ४,१११ चौरस मीटर

थोरल्या आणि धाकट्यात २२२ चौरस मीटरचा, म्हणजे दोन गुंठ्यांहून जास्त फरक, आणि जास्तीचा वाटा नकाशा काढणाऱ्याचा! "गुरुजी, मी मुद्दाम नाही केलं," तो एकदम म्हणाला. मला ते ठाऊक होते. पण हा फरक उद्या सरकारी मोजणीत निघाला असता तर थोरल्याला ते ठाऊक असते का?

गंमत अशी की मधला वाटा मात्र बरोबर एक तृतीयांश निघाला. हा योगायोग नव्हे. कोणत्याही बहिर्वक्र चौकोनात समोरासमोरच्या दोन बाजूंचे तीन-तीन सारखे भाग करून जोडले की मधला तुकडा नेहमी एकूणाच्या एक तृतीयांश येतो. याची सिद्धता पाहण्यासारखी आहे.

चब, चफ आणि डफ या रेषा काढा. त्रिकोण चबफ मध्ये प हा बफ चा मध्यबिंदू आहे, म्हणून त्रिकोण चबप आणि चपफ यांची क्षेत्रफळे सारखी. त्रिकोण फचड मध्ये छ हा चड चा मध्यबिंदू आहे, म्हणून त्रिकोण चछफ आणि छडफ सारखे. मधला वाटा म्हणजे चपफ आणि चछफ यांची बेरीज. म्हणजेच तो चबप आणि छडफ यांच्या बेरजेइतका आहे. आता पूर्ण शेतातून मधला वाटा आणि हे दोन त्रिकोण काढून टाका. उरले त्रिकोण अबच आणि डकफ. अच हा अड चा तिसरा भाग, म्हणून अबच हा त्रिकोण अबड च्या एक तृतीयांश. फक हा बक चा तिसरा भाग, म्हणून डकफ हा त्रिकोण बकड च्या एक तृतीयांश. अबड आणि बकड मिळून पूर्ण शेत होते, म्हणून उरलेले दोन त्रिकोण मिळून शेताच्या एक तृतीयांश. तेव्हा मधल्या वाट्याची दुप्पट म्हणजे शेताचे दोन तृतीयांश, आणि मधला वाटा एक तृतीयांश.

पाया सारखा आणि उंची तीच, तर त्रिकोणांची क्षेत्रफळे सारखी. एवढ्या एकाच गोष्टीवर सगळी सिद्धता उभी आहे. समोरासमोरच्या बाजूंचे असे तीन-तीन सारखे भाग केले की ताईचा वाटा बरोबरच येणार. फरक पडतो तो दोन्ही टोकांच्या वाट्यांत.

बांध किती सरकवायचा?

रस्त्याकडची तोंडे सारखी ठेवायची, प्रत्येकी ४२.६९ मीटर, असे ठरले होते. म्हणून च आणि छ हलवायचे नाहीत. प आणि फ हलवायचे. थोरल्याला १११ चौरस मीटर जास्त हवेत. च हा शिरोबिंदू आणि बक वर पाया असा एक अरुंद त्रिकोण त्याच्या वाट्याला जोडायचा. च पासून बक पर्यंतचे लंबांतर ९४.४८ मीटर. तेव्हा पाया = २ × १११.११ ÷ ९४.४८ = २.३५ मीटर. म्हणजे प ची खूण क कडे २ मीटर ३५ सेंटिमीटर सरकवायची. त्याच रीतीने छ पासूनचे अंतर ९७.२१ मीटर, आणि फ ची खूण क कडे २.२९ मीटर सरकवायची. बक वर आता भाग पडले ४३.०४, ४०.६३ आणि ३८.४० मीटर. बेरीज १२२.०७, बांधाच्या लांबीइतकी. तिन्ही वाटे चार-चार हजारांचे.

सव्वाशे मीटरच्या बांधावर सव्वादोन मीटर म्हणजे किती? डोळ्यांना दिसतही नाही. पण त्यातच एका भावाचा गुंठाभर जमिनीचा प्रश्न दडलेला होता.

नकाशा मोजू नका, वाचा

आता कागदावर उतरवायचे. १ : १००० हे प्रमाण घेतले, म्हणजे कागदावरचा १ सेंटिमीटर जमिनीवरचे १० मीटर. १६० मीटरचा कर्ण १६ सेंटिमीटर होतो, साध्या कागदावर आकृती मावते. पण पेन्सिलीची रेघ अर्धा मिलिमीटर जाड असली तर जमिनीवर तिची रुंदी अर्धा मीटर होते. च-प हा बांध सुमारे ९५ मीटर लांब आहे. म्हणजे नुसत्या रेघेखाली ४७ चौरस मीटर, जवळजवळ अर्धा गुंठा जमीन झाकली जाते! म्हणून नकाशावर पट्टी ठेवून अंतर काढणे धोक्याचे. प्रत्येक बाजूवर, प्रत्येक खुणेपाशी प्रत्यक्ष मोजलेले अंतर आकड्यात लिहावे. जुन्या टिपणांवर मापे इतक्या दाटीने का लिहिलेली असतात, ते इथे कळते.

प्रमाण लिहिण्यातही एक खाच आहे. नकाशाची झेरॉक्स काढताना तो थोडा लहान झाला तर '१ : १०००' हे अक्षर तसेच राहते, पण खोटे ठरते. शेजारी रेषीय प्रमाणाची पट्टी काढलेली असेल तर ती नकाशाबरोबरच लहान होते आणि खरी राहते. दोन्ही द्यावेत.

याशिवाय नकाशावर हे असावे : गाव, तालुका, जिल्हा आणि गट नंबर, उत्तर दिशेचा बाण, चारही बाजूंच्या लगतच्या गटांचे नंबर, रस्ता, विहीर, ओढा, पाइपलाइन, मोठी झाडे, घर, हद्दीचे दगड, प्रत्येक वाट्याची चतुःसीमा, तारीख आणि सर्वांच्या सह्या. सोबत एक तक्ता : कोणाला कोणता तुकडा, क्षेत्र किती, त्यात पोटखराबा किती. शेवटच्या ओळीत बेरीज, आणि ती सातबाऱ्याच्या आकड्याइतकी.

हा आपला नकाशा कच्चा असतो. अधिकृत नकाशा भूमी अभिलेख खात्याचा भूकरमापकच करतो. आता त्याच्याकडे साखळीऐवजी इलेक्ट्रॉनिक टोटल स्टेशन किंवा उपग्रहांच्या संकेतांवर चालणारा रोव्हर असतो, आणि क्षेत्रफळ कोपऱ्यांच्या निर्देशांकांवरून निघते. मग कच्च्या नकाशाची गरज काय? यंत्र अचूक मोजते, पण बांध कोठे घालायचा ते यंत्र ठरवत नाही. ते घरात ठरावे लागते, आणि नकाशावर पाहून ठरले तर टिकते.

सारखे क्षेत्र, सारखी किंमत?

शेताच्या क कोपऱ्यात खडकाळ पट्टा होता. सातबाऱ्यावर एकूण १२० आरांपैकी ४ आर पोटखराबा, म्हणजे लागवडीला अयोग्य, अशी नोंद होती. तो सगळा धाकट्याच्या वाट्यात येत होता. विहीर थोरल्याकडे होती. क्षेत्रे काटेकोर सारखी झाली तरी वाटे सारखे झाले का?

याचे उत्तर भूमिती देत नाही, पण पर्याय मांडून देते. लागवडीयोग्य ११६ आर सारखे वाटायचे ठरले तर प्रत्येकी ३८.६७ आर, आणि पोटखराब्यासह धाकट्याकडे ४२.६७ आर. किंवा एकूण क्षेत्र सारखे ठेवून भरपाई दुसऱ्या कशात तरी करायची. जे ठरेल ते लिहावे. विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या, ताईच्या वाट्यापर्यंत पाइपलाइन नेण्याचा हक्क, बैलगाडीची वाट, हे सगळे वाटणीच्या कागदात आले पाहिजे. तोंडी ठरलेले एका पिढीला आठवते, पुढच्या पिढीला नाही.

अर्जाची जुडी

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ८५ नुसार सहधारकाला आपला हिस्सा वेगळा करून मागता येतो. अर्ज तहसील कार्यालयात करायचा. सोबत साधारणपणे पुढील कागद लागतात : गटाचा ताजा सातबारा आणि खात्याचा आठ-अ उतारा, वारसांची नावे कशी लागली ते दाखवणारे फेरफार, वंशावळ, प्रतिज्ञापत्रासह, गटनकाशाची आणि उपलब्ध असल्यास टिपणाची नक्कल, वाटणीचा तक्ता व कच्चा नकाशा, सर्व सहधारकांची संमती.

या जुडीत तीन ठिकाणी अर्ज अडतात. पहिले ठिकाण वंशावळ. बहिणीचे नाव राहिले, किंवा 'तिने सोडलेच आहे' असे गृहीत धरले, की पुढचे सारे डळमळते. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे, हे हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने देशभर स्पष्ट झाले. महाराष्ट्रात तशी दुरुस्ती १९९४ मध्येच झाली होती. दुसरे ठिकाण तुकडेबंदी. १९४७ च्या कायद्यानुसार ठरवून दिलेल्या प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकडा पडेल अशी वाटणी करता येत नाही. २०२३ मध्ये हे क्षेत्र बहुतेक जिल्ह्यांसाठी जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे असे कमी करण्यात आले. या नियमांत बदल होत आले आहेत, म्हणून अर्जाच्या वेळी आपल्या गावाला कोणता नियम लागू आहे ते विचारून घ्यावे. आपले चाळीस आरांचे वाटे त्यात बसत होते. तिसरे ठिकाण बेरीज. तक्त्याची बेरीज आणि सातबारा यांत फरक असला की कागद परत येतो.

मालकी हक्काचाच वाद कोणी उपस्थित केला तर तहसीलदार वाटप करू शकत नाहीत; तो प्रश्न आधी दिवाणी न्यायालयात सुटावा लागतो. वाद नसेल तर सर्वांना नोटिसा निघतात, म्हणणे ऐकले जाते, आदेश होतो. मग मोजणी, फाळणी नकाशा, आकारणीची विभागणी दाखवणारे आकारफोड पत्रक, तलाठ्याकडे (आताचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी) फेरफार, आणि शेवटी प्रत्येक पोटहिश्श्याचा वेगळा सातबारा. अपूर्णांक होता तेथे आता नंबर येतो.

करून पाहा

शाळेच्या मैदानाचा एखादा वाकडातिकडा कोपरा निवडा. चार खुंट्या रोवून चौकोन करा. एका जाड फळीवर काटकोनात दोन रेषा काढून त्यांच्या चार टोकांना उभे खिळे ठोका. फळी काठीवर बसवा. झाला शंकू. समोरासमोरच्या खिळ्यांतून पाहिले की काटकोनातल्या दोन दिशा मिळतात. मुलांचे दोन गट करा. एका गटाने एक कर्ण घेऊन, दुसऱ्याने दुसरा कर्ण घेऊन क्षेत्रफळ काढावे. उत्तरे किती जुळतात? नंतर समोरासमोरच्या बाजूंचे तीन-तीन भाग करून दोऱ्या बांधा आणि तिन्ही तुकडे मोजा. मधला खरेच एक तृतीयांश येतो का? दोऱ्या किती सरकवल्या म्हणजे तिन्ही सारखे होतील? आणि शेवटी, मापे अशी लिहा की गैरहजर असलेल्या मुलाला नुसत्या कागदावरून तोच चौकोन पुन्हा आखता आला पाहिजे.

महिन्याभराने विद्यार्थी पुन्हा आला. त्याने माझे आकडे घेऊन जाऊन कोणाला दाखवले नव्हते. तिघे भावंडे मिळून शेतावर गेली, पहिल्यापासून पुन्हा मोजले. टेपचे एक टोक ताईने धरले, आकडे थोरल्याच्या दहावीतल्या मुलीने लिहिले, आणि प ची खूण थोरल्याने स्वतः सरकवली. "आता आमच्यात कोणी विचारलं, हा बांध इथंच का, तर तिघंही सांगू शकतो," तो म्हणाला.

त्याच्या पिशवीतल्या कागदांत तेवढे एक उत्तर नव्याने आले होते. अर्ज त्याने दुसऱ्याच दिवशी दिला.